गोड माती

कॉर नावाच्या डच शेतकऱ्याच्या शेतातल्या चरातून निघालेला मातीचा एक खडा मनोहरनं दोन बोटांत चुरला, चिमूटभर जिभेवर ठेवला, टाळ्याला लावून बघितला आणि बाजूला थुंकून म्हणाला, "गोड हाय."

कुंभार ज्या मातीला गोड म्हणतो ती काही साखरेसारखी लागत नाही. खारट नाही, आंबूस नाही, चुन्यासारखी जीभ ओढत नाही, ती गोड. गावी, निंबोडीला, मनोहरच्या वडिलांनी त्याला चाकावर बसवायच्या आधी सहा महिने नुसती माती चाखायला लावली होती. पण आज तो बोलला ती शुद्ध थाप होती. चार वर्षांपूर्वी साथीच्या तापात त्याची चव गेली, ती परत आलीच नाही. मीठ, गूळ, भाकरी, माती, सगळं तोंडात सारखंच. मिरची तेवढी भाजायची. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायको, लीलावती, त्याच तापात गेली आणि एकुलता एक मुलगा इथं नेदरलँडमध्ये. गावच्या रिकाम्या घरात सांगणार तरी कुणाला.

मुलगा यतीन शेजारीच उभा होता. हात जॅकेटच्या खिशात, आणि बुटांना चिखल लागू नये म्हणून एका फळीवर.

"नक्की ना आबा? नीट बघून सांगताय ना?"

"तळ्याच्या मातीत बघायचं काय असतंय?" मनोहर म्हणाला.

तळ्याचं त्याला यतीननंच सांगितलं होतं. विमानतळावरून नीउ-व्हेनेपला घरी येताना गाडीतच. हा सगळा भाग म्हणजे हारलेममीर, मीर म्हणजे तळं, दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी पाणी उपसून जमीन काढली, आपण आत्ता तळ्याच्या तळाशी चाललोय. मनोहरनं तेव्हा काचेतून बाहेर काळी ओली शेतं बघितली होती. निंबोडीच्या कुंभारांनी सात पिढ्या तळ्याचाच गाळ वापरला. त्याच्याइतकी मऊ आणि इमानी माती नाही. तेव्हा जीभ नसली तरी तळं आहे, असं त्यानं मनाला समजावलं, आणि मन लगेच समजलं. आपल्याला हवं ते ऐकायची मनाला भारी घाई असते.

या सगळ्याची सुरुवात झाली होती एका निळ्या फोल्डरपासून.

तो फोल्डर यतीनच्या जेवणाच्या टेबलावर, फळांच्या टोपलीखाली असायचा. त्यात निंबोडीचं घर, चाकाची पडवी आणि मागची आव्याची जागा, जिथं उघड्यावर आवा रचून मडकी भाजत, ती सगळी विकायचे कागद होते. गिऱ्हाईक तयार होतं. त्याला तिथं मंगल कार्यालय काढायचं होतं. मनोहरची सही झाली की चुलतभाऊ बाकीचं बघणार होता, आणि जानेवारीत तीन महिन्यांचा व्हिसा संपला की मनोहर गावी न जाता थेट पुण्याच्या फ्लॅटवर जाणार होता, सुनेच्या, नीलांबरीच्या, आईवडिलांच्या शेजारी.

यतीन वाईट मुलगा नव्हता. गेल्या पावसाळ्यात मनोहर आव्यापाशी घसरून पडला, तो एक रात्र आणि अर्धा दिवस तिथंच चिखलात होता. दूधवाल्याला दिसला म्हणून वाचला. यतीनला हे फोनवर कळलं तेव्हा तो ऑफिसात होता आणि जिन्यात जाऊन रडला होता. पण हे त्यानं बापाला कधी सांगितलं नाही. बापाला तो वेगळंच सांगायचा.

"तीन वर्षं आवा पेटला नाही. चाकावर कोंबड्या बसतात. ठेवायचं कशाला?"

"कोंबड्या हाकलता येत्यात."

"तुमच्यानं आता होत नाही आबा. ॲक्सेप्ट करा ना."

"कुनी सांगितलं व्हत न्हाई?"

सून नीलांबरी मधे पडली ती विषय बदलावा म्हणून. उइटहॉर्नच्या नीरजाचा फोन आला होता म्हणाली, मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, गेल्या वर्षी सुगडं मिळाली नाहीत म्हणून बायकांनी कागदी कपात गाजर-ऊस भरला, या वर्षी कुणी इंडियातून आणणार आहे का विचारत होती.

"मी करतो," मनोहर म्हणाला.

"इथं?"

"हितंच. शंभर करतो."

यतीन दमलेला होता. "ठीक आहे," तो म्हणाला, "शंभर सुगडं नीट करून दाखवा. झाली तर हा फोल्डर मी फाडून टाकतो. नाही झाली तर सही करायची, आणि पुन्हा विषय नाही."

त्यानं ते वाद मिटवायला म्हटलं होतं. मनोहरनं मात्र शब्द म्हणून घेतला, आणि दुसऱ्या दिवशीपासून पहाटे उठायला लागला.

कॉर हा म्हातारा शेतकरी. सत्तरीचा, उंच, तांबड्या कानांचा. त्याच्याकडं चार घोडे होते आणि रस्त्याकडेला अंडी-बटाट्यांची टपरी, जिथून नीलांबरी दर शनिवारी अंडी आणायची. त्यानं चर खोल करताना निघालेल्या मातीचा ढीग मनोहरला दिला, तबेल्यामागची जागा दिली आणि कारण विचारलं नाही. मात्र तिथं आवा लावता येणार नव्हता. उघड्यावर जाळ करायला गेमेन्तेची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, बंदी, यतीननं त्यांच्या ऑफिसला विचारून घेतलं. धुराडं असलेली बंद चूल असेल तर चालेल. म्हणजे मनोहरनं जन्मात न बांधलेली भट्टी बांधायची होती. एकदा पंढरीनाथमामाच्या गावी त्यानं तसली बघितली होती, तेवढंच.

पाया खणायला गेला तर हातभर खाली पाणी. दुसरीकडं खणलं, तिथंही पाणी. मनोहर कुदळ टेकून त्या पाण्याकडं बराच वेळ बघत राहिला. गावाकडं लोक दोनशे फूट बोअर मारतात आणि धूळ निघते. शेवटी कॉरनं फुटपाथच्या जुन्या सिमेंटच्या लाद्या आणून दिल्या. त्या दोन थरांत अंथरल्या, वर वाळू टाकली, मधोमध खुंटी ठोकून दोरीनं चार फुटांचा गोल काढला. पाडलेल्या कोठाराच्या पिवळट विटा होत्या, आपल्याकडच्या विटेच्या अर्ध्या. त्या साफ करण्यात आठ दिवस गेले. थंडीनं बोटं फुटली. चिखलात शेण घालायला शेण नव्हतं म्हणून घोड्यांची लीद आणि कातरलेलं गवत घालून तो पायानं तुडवायचा. कॉरनं रबरी बूट देऊ केले, पण बुटात पायाला माती कळत नाही. अनवाणी पाय निळे पडले की तो तबेल्यात जाऊन घोड्याच्या पोटापाशी उभा राहायचा.

रस्त्यानं कुत्री फिरवणारे लोक थांबून बघायचे, हसून काहीतरी बोलायचे. मनोहर हात जोडायचा. एक बाई रोज थांबायची. तिनं एकदा त्याला सँडविच दिलं आणि वर पाच युरोची नोटही द्यायला लागली. तिला वाटलं असणार, बेघर माणूस आडोसा बांधतोय. त्यानं सँडविच घेतलं, नोट परत केली. घरी हे सांगितलं नाही.

भिंत कमरेएवढी आल्यावर आत लोखंडी गज आडवे टाकून जाळी केली, खाली जाळ, वर भांडी. तोंड पूर्वेला ठेवलं. पण तिथला वारा दिवसातून चारदा दिशा बदलायचा, तेव्हा तीन बाजूंनी पत्रे लावावे लागले. वर कॉरच्या वडिलांच्या वेळचा मातीचा पाइप बसवून धुराडं केलं. वरून झाकायला खापऱ्या लागतात, त्याचा तर विचारच त्यानं केला नव्हता. कुंभाराच्या अंगणात खापऱ्या कमी पडत नाहीत, पण इथं काही फुटलेलं सापडेना. अखेर नीलांबरीनं त्याला जुन्या सामानाच्या दुकानात नेलं, तिथून बागेच्या चांगल्या धडधाकट कुंड्या विकत घेतल्या, आणि मनोहरनं त्या मागच्या अंगणात हातोडीनं फोडल्या.

"कुनाच्या तरी हातची हायती," प्रत्येक कुंडी फोडायच्या आधी तो म्हणायचा.

माती तो पाण्यात कालवून नीलांबरीच्या जुन्या पडद्यातून गाळायचा. वर पांढऱ्या शिंपल्या राहायच्या, नखाएवढ्या, काही त्याहून बारीक. तो त्या वेचून टाकायचा. कॉर एकदा बघत होता. त्यानं एक शिंपली उचलली, म्हणाला, "झे." मग दोन्ही हात लांब पसरले, सगळ्या शेतांवरून फिरवले आणि पुन्हा म्हणाला, "झे."

गोगलगाईला इकडं झे म्हणत असतील, असं मनोहरला वाटलं. तळ्यात गोगलगायी असणारच. तोही मान हलवून म्हणाला, "झे, झे." दोघंही समाधानानं हसले.

चाक यतीननं ऑनलाइन सेकंडहँड घेतलं होतं, विजेचं, उंच पायांचं, स्टुलावर बसून चालवायचं. मनोहरला त्यावर बसून दातांच्या डॉक्टरकडं आल्यासारखं वाटायचं. कॉरनं करवतीनं पाय कापून दिले. मग तो गॅरेजच्या फरशीवर मांडी घालून बसला, गोळा थापला, अंगठा घातला आणि माती वर आली. साठ वर्षांची ओळख होती ती. पहिलं सुगड सुतानं कापून त्यानं तळहातावर घेतलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. हात शाबूत होता.

डिसेंबरात घरभर सुगडं झाली. रेडिएटरवर, खिडक्यांत, पुस्तकांच्या फडताळात. ऊन नव्हतंच, साडेचारला अंधार पडायचा. नीलांबरी कुरकुरली नाही, फक्त एकदा म्हणाली, "आबा, बाथरूममधली तेवढी हलवूया का?" यतीन घरून काम करायचा तेव्हा त्याच्या पाठीमागं स्क्रीनवर सुगडांची रांग दिसायची. कुणीतरी मीटिंगमध्ये विचारलं असावं. मनोहर दारातच होता. यतीन हसून इंग्रजीत काहीतरी बोलला, त्यातला एकच शब्द मनोहरला कळला. हॉबी. तो शब्द गावच्या शाळेतल्या मास्तरांनी त्याला कधीतरी शिकवला होता. तो गॅरेजमध्ये परत गेला आणि त्या दिवशी त्यानं चाक लावलं नाही.

त्याच सुमारास एका दुपारी नीलांबरी आमटीत मीठ घालायला विसरली. यतीन ऑफिसला गेला होता. मनोहरनं दोन वाट्या आमटी प्यायली.

"कशी झालीये आबा?"

"झ्याक."

नीलांबरीनं मग स्वतःच्या ताटातला पहिला घास घेतला आणि थांबली. सासऱ्याकडं बघितलं. तो भात कालवत होता. ती उठून मीठ घेऊन आली आणि आपल्या वाटीत घातलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भट्टी लागली. आठ दिवस आधीपासून आत बारीक जाळ देऊन ओल काढली होती. एकशे तीस सुगडं रचली, वर कुंड्यांच्या खापऱ्या, त्यावर चिखल. नीलांबरीनं हळदकुंकू वाहिलं, यतीननं नारळ फोडला. कॉर टोपी काढून उभा राहिला. सकाळी सातला मनोहरनं काडी लावली. धुराडं असल्यानं भट्टी ओढ घेत होती. आव्यात गोवऱ्या रेंगाळत जळतात, इथं वाळकं लाकूड तोंडात टाकलं की आत गर्जायचं. दुपारी चारला फटीतून बघितलं तर सुगडं पिवळीधमक, पारदर्शक झाल्यासारखी. एवढा जाळ मनोहरनं जन्मात बघितला नव्हता. भुवया जळाल्या, गाल भाजला, तरी तो हसत होता. सहाला त्यानं तोंड लिंपून टाकलं आणि तिथंच लाकडाच्या ओंडक्यावर बसला. यतीननं स्वतःचं जॅकेट काढून त्याच्या अंगावर घातलं.

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली. एकशे बारा धड निघाली. यतीननं एक उचललं, नखानं वाजवलं. खणखणीत आवाज आला. त्यानं दुसरं वाजवलं, तिसरं वाजवलं, आणि चाळीस वर्षांचा तो माणूस गुडघ्यांवर बसून एकेक सुगड वाजवत राहिला.

"आबा, लहानपणी मी असाच वाजवायचो ना? आई ओरडायची."

"फोडली व्हतीस चार."

"मोई," कॉर म्हणाला. त्याचा अर्थ सुंदर, हे तोवर मनोहरला कळलं होतं.

घरी आल्यावर यतीननं फळांची टोपली उचलली, निळा फोल्डर काढला आणि कपाटाच्या वरच्या खणात टाकला. "संक्रांत झाली की काकांना फोन करतो," तो म्हणाला, "नाही विकत म्हणून." त्या रात्री मनोहर चव नसलेल्या तीन पोळ्या जेवला आणि झोपेत त्याला निंबोडीचं अंगण दिसलं. लीलावती आव्यावर राख पसरत होती.

गुरुवारी सकाळी तो खोक्यांपाशी बसून सुगडं पुसत होता, तेव्हा टच् असा आवाज आला. रेडिएटरचा असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. पुन्हा टच्. त्यानं वरचं सुगड उचललं. पोटावरून रुपयाएवढी खपली उडाली होती आणि खळग्यात पांढरा कण होता, तांदळाच्या कणीएवढा.

त्याला एका क्षणात कळलं. चुना. मातीत चुना असला की जाळात तो पेटतो, आणि मग हवेतली ओल पीत पीत आतल्या आत फुगतो. भांडं भट्टीतून देखणं निघतं आणि आठ दिवसांत स्वतःला फोडून घेतं. काढल्याबरोबर पाण्यात बुडवली असती तर काही वाचली असती. आता उपयोग नव्हता. मंद आव्यात तो कदाचित पेटलाही नसता. आपण मोठ्या कौतुकानं एवढा जाळ केला.

तो कुणाला काही बोलला नाही. दोन दिवस खपल्या गोळा करून कोटाच्या खिशात भरत राहिला. रविवारी त्यातल्या त्यात बरी शंभर निवडून, पांढरी भुकटी पुसून, त्यानं खोकी गाडीत ठेवली. कदाचित दुपारपर्यंत टिकतील, एवढीच त्याची आशा होती. बायका वाण लुटतील, घरी नेतील, मग घरी काय व्हायचं ते होवो. ही बेइमानी होती आणि त्याला ते ठाऊक होतं.

उइटहॉर्नच्या त्या हॉलमध्ये चाळीसेक बायका होत्या, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने. नीरजानं माइकवर सांगितलं की या वर्षी आपल्याकडे ऑथेंटिक सुगडं आहेत, आणि यतीनचे बाबा सिरॅमिक आर्टिस्ट आहेत. टाळ्या झाल्या. मनोहर भिंतीकडच्या खुर्चीत टोपी सारखी करत बसला. बायकांनी सुगडांना हळदकुंकवाची ओली बोटं लावली, आत धुतलेलं गाजर, ऊस, मटार, तीळ भरले. मनोहरला तिथूनही आवाज ऐकू येत होता. टच्. टच्. बाकी कुणाला ऐकू येत नसावा.

मग एका नव्या नवरीनं सुगड उचललं आणि त्याचं बूड खाली राहिलं. गाजर-तीळ तिच्या साडीवर सांडले. ती हसली, पण तिची सासू हसली नाही. लगेच दुसरं फुटलं, एकीच्या हातात काठ आला. सवाष्णींच्या हातात सुगडं फुटत होती आणि कुणी काही बोलत नव्हतं. ही माणसं सभ्य होती, तेच सोसत नव्हतं. नीरजा लगबगीनं त्याच्याकडं आली.

"काका, काही हरकत नाही हं. हवामानच असं आहे इथलं."

मग तिनं टेबलाखालून एक पिशवी काढली. तिच्यात कागदी कप होते. अगदी नवे, पाकीटबंद. तिनं ते आधीच आणून ठेवले होते.

 घरी परतल्यावर यतीननं दारात खोकी उतरवली. ओल्या कचऱ्याचा डबा, कागदाचा डबा, बाकीचा डबा, यातल्या कशात खापऱ्या टाकायच्या हे त्याला कळेना. गावाकडं त्या पुढच्या आव्याला झाकायला ठेवतात.

"यतीन," मनोहर म्हणाला, "झे म्हंजी काय रं?"

"झे? समुद्र. का?"

"काय न्हाई."

"इथं तळ्याच्याही आधी समुद्र होता म्हणे. ह्या खालच्या थरात शिंपले सापडतात." बोलता बोलता यतीन थांबला. हातातल्या खापरीकडं बघितलं. "पण तुम्ही तर चाखून बघितली होती आबा."

मनोहर आत गेला. यतीन खोकं घेऊन कोपऱ्यावरच्या मोठ्या कचरापेटीकडं गेला.

आत स्वयंपाकघरात मनोहरनं कोट काढला तशा खिशातल्या खपल्या फरशीवर सांडल्या. नीलांबरी गोळा करायला वाकली. मडक्याचं तिला काही कळत नव्हतं, खपल्या बघून तिला काही सांगताही आलं नसतं. तिनं दाराशी पडलेल्या कच्च्या मातीच्या गोळ्यातून चिमूटभर माती काढली आणि जिभेला लावली. तोंड वाकडं केलं.

"खारट आहे आबा."

"असंल."

"केव्हापासून चव नाही तुम्हाला?"

मनोहर खुर्चीवर बसला. "तुजी सासू गेली तवापास्नं."

"मग यतीनला सांगूया ना. तुमच्या हाताची चूक नव्हती. तो समजून घेईल."

"हात काय, कुनाचाबी चालतोय सूनबाई. कुंभार जिभंवर असतोय. माती कळंना तर मी तिथं जाऊन काय करू? कोंबड्या हाकलू? आळणी आमटी पाजून तू मीठ आनाया उठलीस, तवाच मी थांबाया पायजे व्हतं. तू सांगू नगस. त्येला वाटू दे हात गेला म्हून."

यतीन रिकामं खोकं घेऊन आत आला. खोकं ओट्यापाशी ठेवलं. मग म्हणाला, "आबा, मी ते शंभराचं असंच बोललो होतो. रागात. घाई नाहीये काही. पुढच्या वर्षी बघू."

नीलांबरीनं सासऱ्याकडं बघितलं. मनोहरनं नकाराची मान हलवली, जरा, तिलाच दिसेल एवढी.

"आन ती निळी फाइल," तो म्हणाला.

"आबा, राहू द्या."

"आन."

यतीननं खणातून फोल्डर काढला, जिथं जिथं सही हवी तिथं बोट ठेवलं. फुटलेल्या बोटांत पेन नीट धरता येत नव्हतं, तरी मनोहरनं सगळीकडं नाव लिहिलं, शाळेत शिकवलं तसं, पूर्ण. चार ठिकाणी. यतीननं कागद सारखे केले.  हॉलवरून आणलेल्या डब्यातला तिळाचा एक लाडू त्यानं बापाच्या हातावर ठेवला आणि वाकून पाया पडला.

"गोड बोला आबा," तो म्हणाला. "रागावू नका."

मनोहरनं लाडू तोंडात घातला, सावकाश चावला, टाळ्याला लावून बघितला.

"गोड हाय," तो म्हणाला.

नीलांबरीनं नळ सोडला आणि पाठमोरी होऊन भांडी घासायला लागली.